एस्टीमपर्यंतचा शोध : शर्यतीच्या जुन्या गाडीच्या प्रकल्प नोंदी

रविवार, १६ जून २०२४, बेळगाव

आजपासून या कामाची नोंद ठेवतो. एक जुनी, परवडणारी आणि अंगात वेग असलेली मोटार घ्यायची, ती पत्र्यापासून पुन्हा उभी करायची आणि नियमांच्या चौकटीत राहून तिच्यातून शर्यत करायची, हा विचार माझ्या मनात दहा वर्षांपासून आहे. आतापर्यंत ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मातीवर वेळ लावून होणाऱ्या शर्यतींच्या, मैदानांवर मी मित्रांच्या गाड्यांची चाके बदलली, त्यांच्या वेळा टिपल्या, चाक धरून ठेवणारे, तुटलेले लोअर आर्म रात्रीतून वेल्ड करून दिले. मात्र माझी स्वतःची गाडी सुरुवातीच्या रेषेवर कधी उभी राहिली नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यात क्रँक ग्राइंडिंगचे काम करीत असल्यामुळे मला रविवारच मोकळा मिळतो, म्हणून या नोंदी बहुतेक रविवारच्याच असतील.

तीन वर्षांत बाजूला टाकलेली रक्कम चार लाख रुपये आहे. त्यातले एक लाखापेक्षा जास्त गाडीच्या खरेदीत घालायचे नाहीत, हे आधीच ठरवले आहे. रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), बकेट सीट, हार्नेस (शर्यतीचा सीटबेल्ट), हेल्मेट, अग्निशामक आणि टायर या गोष्टी कोणतीही गाडी घेतली तरी लागणारच आहेत आणि त्यांच्यात काटकसर करता येत नाही. हार्नेस तर उत्पादनाच्या तारखेपासून पाच वर्षांनी बाद होतो, त्यामुळे ‘कोणाकडे तरी जुना पडलेला आहे’ हा मार्गही बंद आहे.

शर्यत कोठे करणार, यावर गाडीची निवड अवलंबून आहे. बेळगावात ट्रॅक नाही. सरावासाठी जवळची जागा म्हणजे कोल्हापूरचा कार्टिंग ट्रॅक. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, दोन्ही येथून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास आहेत. पहिली दोन वर्षे मातीवरच्या ऑटोक्रॉसमध्ये जातील आणि त्यानंतर कारीला एखादी फेरी होईल, असा माझा अंदाज आहे. म्हणजे मला हवी असलेली गाडी हलकी, खड्ड्यात आपटली तरी सोमवारी दुरुस्त होऊ शकणारी आणि जिचे सुटे भाग खडे बाजारातून किंवा एका दिवसाच्या कुरियरने मिळतील अशी असली पाहिजे.

रविवार, २३ जून

परदेशात हाच छंद असलेली माणसे माझदा एमएक्स-५, पोर्शे ९४४ किंवा बीएमडब्ल्यूची जुनी ३ सिरीज घेतात. एमएक्स-५ ही १९८९ साली आलेली, मागच्या चाकांवर चालणारी, दोन आसनांची हलकी गाडी आहे आणि तिच्या रचनेबद्दल मी इतके वाचले आहे की तिचे सस्पेन्शन डोळे मिटून काढून दाखवू शकेन. पण ती भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी सर्वसाधारण मोटार आपल्याकडे आयात करता येत नाही. तेव्हा हा विषय आज संपवला. आपली निवड १९९० ते २०१० या काळात येथे तयार झालेल्या गाड्यांतूनच करायची आहे. ही मर्यादा मला जाचक वाटत नाही, कारण आपल्या देशातली शर्यत अशाच गाड्यांवर वाढली. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुतीच्या एकआसनी गाड्या उभ्या केल्या आणि त्यांच्यावर एक पिढी घडली. कारी स्पीडवेला त्यांचेच नाव आहे.

यादीत आज सहा नावे लिहिली : सॅन स्टॉर्म, होंडा सिटी १.५ व्हीटेक, फियाट पालियो १.६, फोर्ड आयकॉन १.६, मारुती एस्टीम १.३ आणि मारुती झेन. झेन मला आवडते, परंतु ९९३ सीसीच्या इंजिनाला मातीवर दुसऱ्या गिअरमध्ये जी धाप लागते ती मी पाहिली आहे, म्हणून तिचे नाव शेवटी ठेवले.

रविवार, ७ जुलै

आज भाच्याला बरोबर घेऊन जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या मार्गाने गोव्यात उतरलो आणि सॅन स्टॉर्म पाहून आलो. पाऊस इतका होता की घाटात तासभर वीसच्या पुढे जाता आले नाही.

स्टॉर्म ही गोव्यात तयार झालेली, दोन आसनांची, उघडझाप करता येणाऱ्या टपाची गाडी आहे. तिचे अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनोचे ११४९ सीसी, ६० अश्वशक्तीचे. आपल्या देशात स्पोर्ट्स कार या नावाला शोभणारी आणि सामान्य माणसाने विकत घ्यावी अशा अपेक्षेने बनवलेली जी एखाद-दुसरी गाडी झाली तिच्यापैकी ही एक, आणि ती माझ्या घरापासून चार-पाच तासांवर बनली, याचा मला कॉलेजात असल्यापासून अभिमान आहे. मालक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी ताडपत्री काढली, गाडी सुरू करून दिली आणि ‘बसा, बसल्याशिवाय कळायची नाही’ म्हणाले. बसलो. पाय सरळ पुढे जातात, कोपर दारावर टेकतो आणि नजर बॉनेटच्या अगदी खालच्या रेषेवरून रस्त्यावर जाते. त्या दहा मिनिटांत मी चार लाखांचा हिशेब विसरलो होतो, हे येथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

तरीही गाडी घेतली नाही. फायबरच्या अंगावर दाराच्या बिजागरीपाशी आणि मागच्या चाकावरच्या कमानीत तडे होते. ते भरता येतात, परंतु रोल केजचे पाय फायबरवर उभे राहू शकत नाहीत, ते खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत न्यावे लागतात आणि त्यासाठी अर्धी गाडी फोडावी लागली असती. समोरची काच, दिवे, टपाची यंत्रणा यांपैकी एक भाग फुटला तर दुसरा कोठून आणायचा, या प्रश्नाला मालकांकडेही उत्तर नव्हते. मोजक्याच संख्येने निघालेली गाडी शर्यतीत घालणे म्हणजे तिच्यासारख्या गाड्यांतली एक कमी करणे होय. ती कोणीतरी जशी आहे तशी जपावी. मालकांनाही मी हेच सांगितले, आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले.

रविवार, १४ जुलै

पद्मिनी आणि काँटेसा यांचा विचार दोघा मित्रांनी सुचवला, कारण दोन्ही मागच्या चाकांवर चालतात. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आहे आणि त्यातून आजच्या मातीवर काही काढायचे तर खर्च गाडीच्या चौपट होईल. काँटेसा जड आहे. दोन्ही नावे खोडली.

रविवार, २८ जुलै

आजची नोंद थोडी सविस्तर लिहितो, कारण सीमाभागात जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असायला हवी.

चिकोडी बाजूच्या एका दलालाने होंडा सिटी व्हीटेक दाखवली. १९९८ साली भारतात आलेल्या पहिल्या सिटीचे १.५ लिटरचे व्हीटेक इंजिन १०६ अश्वशक्तीचे होते, आणि आपल्या ट्रॅकवरच्या शर्यतींत या गाडीने जे नाव कमावले ते तिच्या फिरत्या इंजिनामुळे. किंमत नव्वद हजार सांगितली. रंग चकचकीत, आतले कापड नवे, इंजिनचा आवाज गोड. मला पहिली शंका आली ती नव्या कापडामुळेच, कारण वीस वर्षांच्या गाडीला कोणी विकण्याआधी सीटपासून छतापर्यंत सगळे कापड बदलत नाही.

आमच्या परिसरात ज्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात ते मिस्त्री बरोबर होते. त्यांनी बॉनेट उघडलेही नाही. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. जो भाग एरवी कायम रिळात गुंडाळलेला असतो, त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची एक सरळ रेघ होती. मग त्यांनी डॅशबोर्डखालचा फ्यूजचा डबा सोडवला. त्याच्या मागच्या कोपऱ्यातही तीच पिवळट माती आणि वायरच्या जोडांवर हिरवट थर. मामा हळूच म्हणाले, “२०१९ चं पाणी प्यायलंय हे. बाहेरून धुतलंय, आतून कोण धुणार?”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठावर किती वाहने पाण्याखाली गेली हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. बुडालेल्या गाडीचे इंजिन खोलून पुन्हा सुरू करता येते, परंतु वायरिंग, ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) जोड, चाकांचे बेअरिंग आणि बंद पोकळ्यांतला पत्रा आतून खात राहतो आणि त्याचा परिणाम वर्षानुवर्षे बाहेर येत असतो. शर्यतीत गाडी फिरकी घेत असताना इंधनपंपाचा जोड सुटणे ही सहन करण्यासारखी गोष्ट नाही. दलालाला विचारले तेव्हा त्याने पुराचे नाव काढले नाही. गाडी ‘डॉक्टरांची, एकहाती’ आहे एवढेच पुन्हा सांगितले. आम्ही नमस्कार करून निघालो.

रविवार, ११ ऑगस्ट

पालियो आणि आयकॉन एकाच दिवशी पाहिल्या. पालियोचे १.६ लिटरचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन अप्रतिम आहे आणि तिचा सांगाडा दणकट आहे. परंतु हा दणकटपणा वजनातून आला आहे, आणि ज्या दोन गाड्या पाहिल्या त्या दोन्हींच्या पुढच्या सस्पेन्शनचे भाग मिळेनात म्हणूनच उभ्या होत्या. आयकॉनचे १.६ रोकॅम इंजिन ९२ अश्वशक्तीचे, टायमिंग बेल्टऐवजी साखळी असलेले आणि खालच्या फेऱ्यांपासून ओढणारे आहे. मातीवर हा गुण मोलाचा. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हापासून मात्र आयकॉनच्या भागांसाठी रोज कोणाला तरी फोन करावा लागतो, असे तिच्या मालकाने मला स्वतःहून सांगितले. आपलीच गाडी विकायला काढलेल्या माणसाने असे सांगणे दुर्मीळ आहे. त्यांच्याबद्दल आदर वाटला.

रविवार, २५ ऑगस्ट

मामांच्या शेडमध्ये दुपारभर बसलो. माझ्या वहीत यादीतल्या गाड्यांची अश्वशक्ती, वजन आणि भागांच्या किमती होत्या. मामांनी वही वाचली आणि बाजूला ठेवली.

“तू इंजिन बघत हिंडायलास. पत्रा बघ की आधी. इंजिन काय, आठ दिवसांत उभं करतो मी. कुजलेला पत्रा कोण उभा करणार?”

“मामा, मग तुमच्या मते कुठली?”

“ज्या गाडीचं पोट मला अंधारात हात घालून कळतं ती. एस्टीम.”

मी रात्री पुन्हा हिशेब मांडला, आणि जितका मांडत गेलो तितके मामांचे म्हणणे पटत गेले. एस्टीमचे १६ व्हॉल्व्हचे, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंधन फवारणारे) इंजिन १२९८ सीसीचे आणि ८५ अश्वशक्तीचे आहे. गाडीचे वजन सुमारे ८७५ किलो. म्हणजे टनामागे ९७ अश्वशक्ती. आयकॉनचे इंजिन तिच्यापेक्षा सात अश्वशक्तींनी मोठे असले तरी एक टनाच्या आसपासच्या वजनामुळे हा आकडा तिच्या बाबतीत याहून खालीच येतो. सिटी व्हीटेक थोडी वर राहते, पण चांगली सिटी मिळत नाही आणि मिळाली तर ती माझ्या रकमेत बसत नाही. एस्टीमची मागची दोन्ही चाकेही स्वतंत्र स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या उभ्या दांड्यावर) आहेत. त्या काळातल्या तिच्या किमतीच्या गाडीत ही चैन होती, आणि खडबडीत वळणावर मागचे एक चाक उडाले तरी दुसरे जमीन सोडत नाही याचे कारण तेच आहे.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हे इंजिन एकटे नाही. सुझुकीच्या जी-१३ कुळातले हेच १२९८ सीसीचे इंजिन व्हर्सात होते, २००५ साली आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये होते आणि जिप्सीत तर ते तिचे उत्पादन संपेपर्यंत राहिले. फॉर्म्युला एलजीबीच्या एकआसनी गाड्याही याच कुळाच्या इंजिनावर पळतात, त्यामुळे त्यातून जास्त ताकद कशी काढावी याचे ज्ञान कोइम्बतूरच्या कार्यशाळांत मुरलेले आहे. बेळगाव हे लष्करी कॅम्पचे गाव. येथे जिप्सी उघडून पुन्हा जोडू शकणारे मिस्त्री गल्लीगल्लीत आहेत. या सर्व गाड्यांचे भाग एकमेकींना जसेच्या तसे बसतात असे नाही, पार्ट नंबर जुळवूनच घ्यावे लागतात. पण पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट यांसाठी मला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

दिसायला ती स्पोर्ट्स कार नाही, चार दारांची घरगुती गाडी आहे. गोव्यात स्टॉर्मच्या सीटवर बसलेल्या माझ्या मनाला हे मान्य करायला आजचा दिवस लागला. निर्णय झाला : एस्टीम, २००० नंतरची, एमपीएफआय.

रविवार, २२ सप्टेंबर

चार रविवारांत तीन एस्टीम पाहिल्या आणि तिसरी घेतली.

पहिली खानापूर तालुक्यातली. गाडी बारा वर्षे त्याच घरासमोर उघड्यावर उभी होती. तिकडचा पाऊस आणि लाल मातीचा चिखल यांनी रनिंग बोर्डच्या आतला पत्रा असा खाल्ला होता की जॅक लावल्याबरोबर तो गाडी उचलण्याऐवजी आत गेला. दुसरी कोल्हापूरची, एमएच-०९. पत्रा बरा, किंमत पन्नास हजार. पण राज्याबाहेरची गाडी म्हणजे तिकडच्या परिवहन कार्यालयाची एनओसी, इकडे नवा क्रमांक, वयानुसार कर्नाटकाचा आजीवन कर, शिवाय तिची पंधरा वर्षांनंतरची नोंदणी वाढवलेली नव्हती आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याचे शुल्कच ६०० वरून ५,००० रुपये झाले होते. निपाणीच्या पलीकडून भाजी आणणे सोपे, गाडी आणणे नव्हे. सगळे जोडल्यावर स्वस्त गाडी स्वस्त उरली नाही.

तिसरी अथणीला मिळाली. मी मुद्दाम पूर्वेकडे शोधत होतो. आपल्या जिल्ह्यात कणकुंबीकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे पाहत असतो, आणि हा फरक वीस वर्षांत पत्र्यावर उतरतो. गाडी २००३ ची, विजापूरच्या नोंदणीची, केए-२८. मालक निवृत्त शिक्षक, कन्नड बोलणारे. मामांचे त्यांच्याशी कन्नडमध्ये इतके जमले की चहा दोनदा झाला.

तपासणीला तीन तास लागले. प्रथम लोहचुंबक कापडात गुंडाळून सगळ्या अंगावरून फिरवला. डाव्या मागच्या दारावर तो सुटला, म्हणजे तेथे पुट्टी आहे, बाकी सर्वत्र पत्रा. मग डिकीतले स्टेपनीचे खोलगट, पुढच्या स्ट्रट टॉवरच्या कडा, चारही जॅक लावायच्या जागा आणि गालिचा उचलून फ्लोअर पाहिला. चालकाच्या टाचेखाली तळहाताएवढा गंज, पण स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर आरपार गेला नाही. स्ट्रट टॉवर स्वच्छ. तेथला वेल्ड उसवलेला असता तर मी पुढे काहीच तपासले नसते. मातीवरच्या शर्यतीत सगळा मार तेथेच बसतो.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते. इंजिन तापवले, इंधनपंपाचा फ्यूज काढला, चारही प्लग काढले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि एकेका सिलिंडरला गेज लावले : १७५, १७२, १४१, १७४. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले तेव्हा १६५ वर गेले. ऑइलने आकडा चढला म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून नाही, रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंतीतून आहे. मला याचे दुःख झाले नाही, कारण इंजिन मी उघडणारच होतो. उलट किंमत ठरवताना त्या आकड्याचा उपयोग झाला. मी गेज त्यांच्यासमोर ठेवले आणि काय दोष आहे ते सांगितले. सत्तर हजारांची अपेक्षा होती, अठ्ठावन्नवर व्यवहार झाला. सरांनी चावी देताना गाडीच्या बॉनेटवर एकदा हात ठेवला.

रविवार, ६ ऑक्टोबर

कागदपत्रांची नोंद थोडक्यात. सरांनी २०१८ आणि २०२३ अशी दोन्ही वेळा पाच-पाच वर्षांची नोंदणी वाढवून घेतलेली होती. त्यामुळे फक्त मालकी आणि पत्ता बदलायचा आहे. राज्यातल्या राज्यात असल्याने आजीवन कराचा प्रश्न आला नाही.

एक मुद्दा येथे लिहून ठेवतो, कारण तो अनेकजण टाळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. केज बसल्यानंतर ही गाडी स्वतःच्या चाकांवर मैदानापर्यंत जाणार नाही, ती टेम्पोवर चढून जाईल, आणि त्या भाड्याची रक्कम मी आजच हिशेबात धरली आहे.

रविवार, १३ ऑक्टोबर

काल दसरा होता. गाडी परवा, खंडेनवमीलाच, शेडमध्ये आली. पाने, जॅक आणि वेल्डिंग मशीनबरोबर तिचीही पूजा झाली. भाच्याने पुढच्या चाकांखाली लिंबे ठेवली.

रविवार, १० नोव्हेंबर

गाडी अंगातून रिकामी केली. सीट, गालिचे, दारांची आतली पॅनेल, एसी, हीटर, आवाज अडवणारे डांबरी पॅड. हे पॅड काढताना दोन रविवार गेले, कारण ते तापवल्याशिवाय सुटत नाहीत आणि जास्त तापवले तर वितळून पत्र्याला चिकटतात.

उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत ओळखीच्या वजनकाट्यावर गाडी दोनदा चढवता आली. काढण्याआधी ८८० किलो. त्यात पुढचा आस ५५० आणि मागचा ३३०. काढल्यानंतर ७७०. पुढे साठ टक्क्यांहून जास्त वजन असणे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला अपेक्षितच आहे, तरीही बॅटरी डिकीत न्यायचे ठरवले. नियमांत बसते का, हे त्या-त्या स्पर्धेच्या पुस्तिकेत पाहून मगच तार ओढायची.

रविवार, ८ डिसेंबर

इंजिन उघडले. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागणारी एक उभी ओरखड होती, म्हणजे अथणीतले निदान बरोबर ठरले. या कामासाठी बेळगावसारखे गाव नाही, असे मी उद्यमबागेत पोट भरणारा माणूस म्हणून म्हणतो. बोअरिंग, होनिंग, हेड फेसिंग आणि क्रँक पॉलिश या चारही कामांच्या जागा माझ्या कारखान्यापासून पायी अंतरावर आहेत. क्रँक मी स्वतः मायक्रोमीटर लावून तपासला. सर्व जर्नल मापात आहेत, ग्राइंडिंगची गरज नाही.

०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे सिलिंडर तेवढा रुंद करून, ओरखड निघाली नसती, म्हणून ०.५० घेतले. ७४ चा बोअर ७४.५ झाला, स्ट्रोक ७५.५ तोच, म्हणजे इंजिन १२९८ वरून सुमारे १३१६ सीसीचे झाले. १४०० सीसीपर्यंतच्या गटात ते आरामात बसते. कॅमशाफ्ट मूळचाच ठेवतो. मामा आणि भाचा दोघेही म्हणाले की उघडलेच आहे तर तीव्र कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट, घाल. मी नाही म्हटले. पहिल्या वर्षी मला इंजिनची ताकद शिकायची नाही, ब्रेक कोठे दाबायचा हे शिकायचे आहे. त्या कॅमचे पैसे चांगल्या ब्रेक पॅडमध्ये, नव्या मास्टर सिलिंडरमध्ये आणि मागच्या ड्रमच्या सर्व रबरांत गेले.

रविवार, १९ जानेवारी २०२५

रोल केजचे काम सुरू झाले, आणि सुरुवातच थांबण्याने झाली. पुरवठादाराने पाठवलेल्या नळ्या बाहेरून सुरेख होत्या. मी त्यांच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकला तर आत लांबवर एक सरळ शिवण दिसली. म्हणजे या वेल्ड करून बनवलेल्या नळ्या होत्या, आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे केज कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेल्या, बिनशिवणीच्या) कार्बन स्टीलचाच लागतो, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सगळा माल परत केला आणि चाचणीचे प्रमाणपत्र असलेला माल मागवला. बारा दिवस गेले. डोक्यावर येणाऱ्या नळीच्या बाबतीत बारा दिवस ही मोठी किंमत नाही.

मुख्य कमानीसाठी, म्हणजे चालकाच्या मागे उभ्या राहणाऱ्या नळीसाठी, नियम दोन मापे देतो (बाहेरचा व्यास बाय भिंतीची जाडी, मिलिमीटरमध्ये), ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २.०, आणि इतर भागांसाठी ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २.०. माझ्या आराखड्यात मुख्य कमान पाच मीटर आणि बाकी बावीस मीटर नळी लागते. पहिल्या जोडीने केज ६१ किलोचा होतो, दुसऱ्या जोडीने ५३ चा. आठ किलो वाचवायचा मोह झाला होता. पण दोन मिलिमीटरच्या भिंतीवर अवघड कोपऱ्यात, छताच्या खाली हात वाकडा करून वेल्ड करताना नळी जळण्याची भीती जास्त, म्हणून जाड भिंतीची जोडी घेतली. नळीचे वळण तिच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी त्रिज्येचे चालत नाही. ४५ ला १३५ मिलिमीटर. उद्यमबागेतल्या बेंडिंग मशीनवर त्या मापाची डाय मिळाली आणि पहिल्या वळणाला आतल्या बाजूने एकही सुरकुती पडली नाही.

केजच्या पायांखालच्या पट्ट्या तीन मिलिमीटर जाडीच्या आणि प्रत्येकी १२० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या कापल्या. चालकाच्या टाचेखालचा तो तळहाताएवढा गंज पुढच्या डाव्या-उजव्या पायांपैकी एकाच्या अगदी शेजारी येत असल्यामुळे तेवढा फ्लोअर कापून नवा पत्रा बसवला, आणि त्यावर पट्टी. मामांनी वेल्ड थंड झाल्यावर हातोडीने ठोकून आवाज ऐकला, मग दुसऱ्यांदा ठोकला, आणि काही न बोलता पुढचा कोपरा घ्यायला सांगितला.

आज मुख्य कमान उभी राहिली. हेल्मेट घालून रिकाम्या फ्लोअरवर लाकडी पाटावर बसलो तेव्हा डोके आणि नळी यांच्यात चार बोटे अंतर राहिले; सीट आल्यावर ते कमी होईल, म्हणून सीटचे ब्रॅकेट पंधरा मिलिमीटरने खाली घ्यायचे आहेत. पुढच्या रविवारी तिरपी पट्टी आणि दारांचे आडवे बार.